पहिल्या पानावरचे नाव : डीसी कॉमिक्सची नव्वद वर्षांची वाटचाल

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने 2025 मध्ये नव्वद वर्षे पूर्ण केली. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमन ही तिन्ही पात्रे याच संस्थेची. संस्थेचा इतिहास खपाच्या आकड्यांवरून सांगता येतो, चित्रपटांच्या गल्ल्यावरूनही सांगता येतो. मला मात्र तिची वाटचाल एकाच गोष्टीवरून मोजावीशी वाटते : ज्यांनी या गोष्टी रचल्या त्यांचे नाव पहिल्या पानावर यायला किती वर्षे लागली. या मोजपट्टीवर संस्थेचे थोरपणही दिसते आणि तिच्यावर राहिलेले देणेही.

मेजरसाहेबांचे धाडस

संस्थेचे मूळ पुरुष मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन. घोडदळातले अधिकारी. लष्कराच्या कारभारावर त्यांनी जाहीर टीका केली, वरिष्ठांशी वाजले आणि त्यांनी लष्कर सोडले. पुढे स्वस्त कागदावरच्या साहसकथांच्या मासिकांत लिहून ते घर चालवू लागले. म्हणजे या संस्थेचा पायाच एका लेखकाने घातला, हे आवर्जून नोंदवायला हवे.

1934 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये नॅशनल अलाइड पब्लिकेशन्स ही कंपनी काढली. त्या काळी कॉमिक्स म्हणजे वृत्तपत्रांत आधीच येऊन गेलेल्या चित्रपट्ट्यांचे पुनर्मुद्रण. त्या पट्ट्यांचे हक्क विकत घ्यायला मेजरांकडे पैसे नव्हते. म्हणून त्यांनी सगळा मजकूर नव्याने लिहून घ्यायचे ठरवले. फेब्रुवारी 1935 ही तारीख असलेला ‘न्यू फन’चा पहिला अंक असा निघाला. मोठ्या आकाराचा, आतली पाने काळी-पांढरी, किंमत 10 सेंट. संपूर्ण नवे साहित्य देणारे हे पहिले अमेरिकी कॉमिक मासिक. पुढे हजारो लेखक-चित्रकारांची चूल ज्या धंद्यावर पेटली, तो या काटकसरीतून उभा राहिला.

पण मेजर कायम कर्जात. छपाईचे आणि वितरणाचे पैसे थकले तेव्हा त्यांना हॅरी डोनेनफेल्ड आणि त्यांचे हिशेबनीस जॅक लीबोविट्झ यांच्याशी भागीदारी करावी लागली. मार्च 1937 मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ सुरू झाले. संस्थेला आज ज्या दोन अक्षरांनी ओळखतात, ती याच मासिकाच्या नावातली. पुढच्याच वर्षी मेजर स्वतःच्या कंपनीतून बाहेर फेकले गेले. सुपरमॅनने मिळवलेल्या पैशातला वाटा त्यांच्या हाती आला नाही.

तेरा पाने, एकशे तीस डॉलर

मेजरांनी मात्र जाण्यापूर्वी एक मोठे काम करून ठेवले होते. क्लीव्हलंडच्या दोन पोरांना त्यांनी लिहिते केले होते. जेरी सीगल आणि जो शुस्टर. दोघांचाही जन्म 1914 चा, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, ग्लेनव्हिल हायस्कूलमधले सोबती. सीगल लिहायचे, शुस्टर चित्रे काढायचे. सीगल यांच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. 1932 मध्ये दुकानात चोरी झाली आणि त्याच वेळी हृदयक्रिया बंद पडून वडील गेले. पुढच्या काही वर्षांत मुलाच्या लेखणीतून गोळ्यांना दाद न देणारा, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा माणूस उतरला. या दोन घटनांचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. मलाही तो नाकारता येत नाही.

सुपरमॅन घेऊन दोघांनी वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. वर्षानुवर्षे नकार मिळाला. अखेर नव्या ‘ॲक्शन कॉमिक्स’साठी मजकूर हवा होता, तेव्हा संपादक व्हिन सुलिव्हन यांनी तो उचलला. वृत्तपत्रासाठी तयार केलेल्या पट्ट्या कापून, पानांवर चिकटवून 13 पानांची कथा जुळवण्यात आली. पानामागे 10 डॉलर, म्हणजे 130 डॉलर मानधन दोघांत मिळून ठरले. 1 मार्च 1938 च्या धनादेशाबरोबर एका कागदावर सह्या झाल्या आणि सुपरमॅनचे सर्व हक्क कायमचे कंपनीकडे गेले. लेखक-चित्रकारांकडून असे कागद लिहून घेण्याची तेव्हा रीतच होती. दोघांचे वय तेव्हा अवघे 23.

जून 1938 ची तारीख असलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिलमध्ये बाजारात आला. त्या कथेतला सुपरमॅन आजच्यासारखा ग्रहगोल हलवत नाही. तो फाशीच्या उंबरठ्यावरच्या निरपराध बाईला सोडवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि लोकप्रतिनिधीला विकत घेणाऱ्या दलालाचा पिच्छा पुरवतो. मंदीत होरपळलेल्या शहरातल्या पोराचा संताप त्या 13 पानांत आहे. वाचकांनी तो बरोबर ओळखला. वर्षभरात सुपरमॅनला स्वतःच्या नावाचे मासिक आणि वृत्तपत्रांतली जागा मिळाली, 1940 मध्ये तो रेडिओवर गेला. या पहिल्या कथेवर सीगल-शुस्टर यांची नावे होती. ती पुढे पुसली जाणार होती.

कोपऱ्यातला माणूस

सुपरमॅनचा खप पाहून कंपनीला आणखी एक नायक हवा झाला. चित्रकार बॉब केन यांनी एक आराखडा काढला आणि तो मित्राला दाखवला. हा मित्र म्हणजे बिल फिंगर. पोटासाठी चपला-बूट विकणारा, रात्री लिहिणारा तरुण. केन यांच्या चित्रात लाल कपडे होते, डोळ्यांवर छोटा मुखवटा होता, पाठीवर ताठ पंख होते. फिंगर यांनी वटवाघळाचे चित्र समोर ठेवून सुचवले : डोके झाकणारी कानवाली टोपी घाल, डोळ्यांच्या जागी पांढऱ्या फटी ठेव, पंखांऐवजी झूल दे, लाल रंग काढ. ब्रूस वेन हे नाव त्यांचे. गॉथम सिटी हे शहराचे नावही त्यांचेच. मे 1939 च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकातली बॅटमॅनची पहिली कथाही त्यांनीच लिहिली. पानावर नाव मात्र एकट्या केन यांचे. कंपनीशी करार केन यांनी केला होता आणि फिंगर हे त्यांनी पदरच्या पैशाने ठेवलेले लेखक होते.

फिंगर यांची लिहिण्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. चित्रकथेचा लेखक फक्त संवाद लिहीत नाही. एकेका चौकटीत काय दिसेल, कोण कुठे उभा असेल, प्रकाश कुठून येईल, हे सगळे त्याला कागदावर उतरवावे लागते. फिंगर जवळ एक वही बाळगत. चमत्कारिक यंत्रे, शास्त्रीय तपशील, मासिकांतून कापलेली छायाचित्रे असे दिसेल ते त्यात जमा होई आणि संहितेबरोबर चित्रकाराला संदर्भचित्रेही जात. बॅटमॅनच्या कथांतली अवाढव्य टंकलेखन यंत्रे आणि राक्षसी नाणी या सवयीतून आली. ते सावकाश लिहीत, मुदती चुकवत आणि त्यामुळे सतत ओढगस्तीत राहत. 1965 मध्ये कॉमिक्सप्रेमी जेरी बेल्स यांनी त्यांना गाठून त्यांच्या कामाबद्दल लिहिले, तेव्हा केन यांनी जाहीर पत्र लिहून ते नाकारले. 1966 च्या दूरदर्शन मालिकेतल्या एका कथानकाला सहलेखक म्हणून फिंगर यांचे नाव लागले, तेवढेच. जानेवारी 1974 मध्ये ते गेले. बॅटमॅनवर तेव्हाही ‘निर्माता बॉब केन’ असेच छापले जात होते.

चार्ल्स मोल्टन या नावाआड

वंडर वूमनचा जन्म वेगळ्या घरात झाला. मॅक्स गेन्स यांची ऑल-अमेरिकन पब्लिकेशन्स ही डीसीची भगिनीसंस्था. मुलांच्या हातातल्या कॉमिक्सवर टीका होऊ लागल्यावर गेन्स यांनी सल्लागार म्हणून मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांना घेतले. खोटे बोलताना रक्तदाब बदलतो हे दाखवणारी चाचणी मार्स्टन यांनी बसवली होती. वंडर वूमनचा पाश गळ्यात पडला की माणूस खरे बोलतो, त्याचे मूळ इथे शोधायला हरकत नाही. ताकदवान नायकांच्या गर्दीत स्त्री नायिका हवी, असा त्यांचा आग्रह होता. 1941 च्या अखेरीस ती अवतरली. चित्रे एच. जी. पीटर यांची, लेखकाचे नाव चार्ल्स मोल्टन, म्हणजे मार्स्टन यांचे टोपणनाव.

1944 पासून या टोपणनावामागे आणखी एक हात होता. जॉय हम्मेल ही मार्स्टन यांची विद्यार्थिनी. तिला त्यांनी मदतनीस म्हणून घेतले, तेव्हा ती 19-20 वर्षांची होती. मार्स्टन आजारी पडत गेले तशी ती स्वतः पूर्ण कथा लिहू लागली. तिने सत्तरहून अधिक संहिता लिहिल्या. 1947 मध्ये मार्स्टन वारले आणि त्याच वर्षी लग्नानंतर तिनेही काम सोडले. वाचकांना तिचे नाव कळायला सत्तर वर्षे जावी लागली. 2018 मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक संमेलनात तिला पुरस्कार मिळाला तेव्हा ती नव्वदी ओलांडून गेली होती. तो पुरस्कार बिल फिंगर यांच्याच नावाचा. ज्यांच्या वाट्याला हयातीत पुरेसे श्रेय आले नाही अशा लेखकांसाठी तो 2005 मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी जेरी सीगल यांच्या स्मृतीस दिला गेला.

कोर्टाची पायरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सीगल लष्करात भरती झाले. त्यांच्या गैरहजेरीत कंपनीने सुपरबॉय ही मालिका सुरू केली. ही कल्पना सीगल यांनी आधी सुचवली होती आणि कंपनीने तेव्हा ती नाकारली होती. 1947 मध्ये सीगल-शुस्टर कोर्टात गेले. तडजोडीत सुमारे 94,000 डॉलर मिळाले, पण सुपरमॅनवरचे नाव गेले आणि कामही गेले.

1959 च्या सुमारास सीगल परत आले ते निनावी लेखक म्हणून, पानामागे ठरलेल्या दरावर. 1961 मध्ये सुपरमॅनच्या काल्पनिक मृत्यूची एक हृद्य कथा त्यांनी लिहिली. आपणच जन्म दिलेल्या नायकाचे मरण लिहायचे आणि त्यावर आपले नाव नाही. माझ्या मते डीसीच्या इतिहासातले हे सर्वांत दुखरे पान आहे.

फॉक्सची स्वप्ने

1954 मध्ये कॉमिक्सवर सिनेट समितीसमोर सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली. अनेक प्रकाशने बुडाली. डीसी तगली आणि 1956 मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात फ्लॅश हा जुना नायक नव्या रूपात आणण्यात आला. लेखक रॉबर्ट कॅनिगर, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो. त्यामागोमाग ग्रीन लँटर्न आला, जस्टिस लीग आली. सुपरहिरोंचे युग दुसऱ्यांदा सुरू झाले.

याच काळात लेखक गार्डनर फॉक्स यांनी एक गोड कल्पना लढवली. सप्टेंबर 1961 च्या ‘फ्लॅश’मध्ये नवा फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवर जातो आणि त्याला जुना फ्लॅश भेटतो. जुन्या फ्लॅशच्या गोष्टी आपल्या जगात कॉमिक्समध्ये छापून येत असत, असे नवा फ्लॅश सांगतो. त्या लिहिणारा गार्डनर फॉक्स नावाचा लेखक म्हणे त्या स्वप्नात पाहत असे! जुना फ्लॅशही फॉक्स यांनीच 1940 मध्ये लिहिला होता. लेखकाचे नाव गोष्टीच्या पोटात शिरले. वाचकांना ते आवडले, पत्रव्यवहाराच्या पानांवर ‘ही कथा कोणी लिहिली?’ असे प्रश्न येऊ लागले. त्याच वाचकांतला पिट्सबर्गचा जिम शूटर हा 14 वर्षांचा मुलगा 1966 मध्ये स्वतः डीसीसाठी लिहू लागला. घरी पैशाची चणचण होती आणि मिळणारे मानधन घरखर्चाला लागत होते.

1967 मध्ये संस्था किनी नॅशनल या कंपनीने विकत घेतली. वाहनतळ आणि अंत्यविधीगृहे चालवणारी ही कंपनी पुढे वॉर्नर झाली. सुमारे त्याच वेळी फॉक्स, फिंगर, अर्नोल्ड ड्रेक अशा जुन्या लेखकांनी आरोग्यविमा आणि इतर सोयी मागितल्या. दोन-तीन वर्षांत या पिढीतल्या बहुतेकांचे काम आटले. ज्यांच्या गोष्टींवर कंपनीची किंमत ठरली होती, त्यांना उतारवयात दवाखान्याचा खर्च मागण्याची ही शिक्षा होती. तिचे समर्थन होऊ शकत नाही.

रिकाम्या जागांवर तरुण आले. पत्रकारितेतून आलेले डेनी ओ’नील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी 1970 मध्ये ‘ग्रीन लँटर्न’ला अमेरिकेच्या रस्त्यावर उतरवले. एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस नायकाला विचारतो, दूरच्या ग्रहांवरच्या लोकांसाठी तू इतके केलेस, माझ्या लोकांसाठी काय केलेस? नायकाला मान खाली घालावी लागते. पुढच्या वर्षी याच मालिकेत दुसऱ्या एका नायकाचा तरुण साथीदार अमली पदार्थांच्या आहारी गेलेला दाखवला गेला. न्यूयॉर्कच्या महापौरांनी पत्र लिहून त्या अंकाची दखल घेतली.

डिसेंबर 1975

नील ॲडम्स यांचे दुसरे काम याहून मोठे मानले पाहिजे. 1975 मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट येणार असे जाहीर झाले. सीगल तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होते. शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि ते भावाच्या आधाराने राहत होते. सीगल यांनी वृत्तपत्रांना एक जळजळीत पत्र पाठवले. ॲडम्स आणि बॅटमॅनचे जुने चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी ते प्रकरण हाती घेतले. व्यंगचित्रकारांच्या संघटना, लेखक, पत्रकार, दूरदर्शनवाले सगळ्यांना त्यांनी उभे केले. डिसेंबरमध्ये वॉर्नर नमली. दोघांना दरवर्षी प्रत्येकी 20,000 डॉलर, आजारपणाचा खर्च आणि नाव. नावासाठी रॉबिन्सन शेवटपर्यंत अडून बसले होते.

1978 च्या चित्रपटात पडद्यावर झळकले : ‘सुपरमॅन – निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर’. मासिकाच्या पहिल्या पानावरही ती ओळ परतली. जवळपास तीस वर्षांनी.

करार बदलले

1976 मध्ये जेनेट कान या 28 वर्षांच्या तरुणीकडे प्रकाशकपद आले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय 1981 चा : अंकाचा खप एक लाखावर गेला की लेखक-चित्रकारांना त्यात वाटा. मार्व्ह वूल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘न्यू टीन टायटन्स’सारख्या लोकप्रिय मालिकांचे पैसे प्रथमच रचणाऱ्यांच्या घरी पोचू लागले. पाठोपाठ चांगले लेखन आले, हा योगायोग मी मानत नाही. इंग्लंडचे ॲलन मूर ‘स्वॅम्प थिंग’ लिहू लागले. 1986 मध्ये फ्रँक मिलर यांचे ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आले, त्याच वर्षी मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ मालिका सुरू झाली. ग्रंथालयांची आणि पुस्तकांच्या दुकानांची दारे सुपरहिरोंच्या कथांना या पुस्तकांनी उघडली.

तरी करारातल्या एका कलमाने पुन्हा घोळ केला. ‘वॉचमेन’ वर्षभर छपाईबाहेर राहिले की हक्क लेखक-चित्रकाराकडे परत जातील, असे ते कलम होते. करार झाला तेव्हा अशी पुस्तके वर्षानुवर्षे छापली जात नसत. ‘वॉचमेन’ मात्र छपाईबाहेर गेलेच नाही. मूर यांनी डीसीसाठी लिहिणे सोडले. 2009 मध्ये त्यावर चित्रपट आला तेव्हा श्रेयनामावलीत आपले नाव नको, असे त्यांनी सांगितले. सीगल यांनी नाव मिळावे म्हणून आयुष्य वेचले, मूर यांनी ते स्वतःहून काढून घेतले. दोघेही एकच गोष्ट सांगत होते : नाव हे लेखकाचे असते.

1993 मध्ये दोन चांगल्या गोष्टी झाल्या. संपादक कॅरेन बर्गर यांनी प्रौढ वाचकांसाठी ‘व्हर्टिगो’ ही शाखा सुरू केली आणि तिथल्या अनेक मालिकांची मालकी रचणाऱ्यांकडे ठेवली. ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ‘माइलस्टोन’ उभारली. छपाई-वितरण डीसीचे, पात्रांची मालकी माइलस्टोनची. अर्ध्या शतकापूर्वी सीगल यांच्यापुढे असा करार ठेवला गेला असता तर या संस्थेचा इतिहास किती वेगळा झाला असता!

उरलेले एक नाव

शुस्टर 1992 मध्ये गेले, सीगल 1996 मध्ये. वारसांनी हक्क परत मिळावेत म्हणून नोटिसा दिल्या आणि खटले वर्षानुवर्षे चालले. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सुपरमॅनच्या अंकांवर आज निर्मात्यांच्या नावाखाली सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेचा उल्लेख असतो.

बिल फिंगर यांचे नाव अजून राहिले होते. केन यांनी 1989 च्या आत्मचरित्रात मित्राचे ऋण मान्य केले, पण छापील ओळ बदलली नाही. लेखक मार्क टायलर नोबेलमन यांनी फिंगर यांचा चिकाटीने शोध घेतला, त्यांची नात शोधून काढली आणि 2012 मध्ये मुलांसाठी त्यांचे चरित्र लिहिले. वाचकांनी मागणी लावून धरली. सप्टेंबर 2015 मध्ये डीसीने जाहीर केले आणि 2016 च्या चित्रपटात बॅटमॅनच्या निर्मात्यांत बॉब केन यांच्या सोबत बिल फिंगर हे नाव आले. बॅटमॅनच्या जन्मानंतर सत्याहत्तर वर्षांनी आणि फिंगर यांच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी.

त्याच 2015 साली डीसीने आपले जन्मगाव न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला बिऱ्हाड हलवले. 2018 मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा हजारावा अंक निघाला. त्या मासिकाच्या पहिल्या अंकाची एक जपलेली प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला लिलावात गेली. त्यातल्या मुख्य कथेचे मानधन होते 130 डॉलर.

ही संस्था मोठी आहे यात शंका नाही. तिने जगाला जे नायक दिले ते चार पिढ्यांना पुरले. पण ते नायक संस्थेने निर्माण केले असे म्हणणे चूक आहे. क्लीव्हलंडच्या घरात, न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांत बसलेल्या माणसांनी ते निर्माण केले. संस्थेने ते छापले, जपले, वाढवले. दोन्ही कामांचे मोल वेगवेगळे मांडले पाहिजे.

1 जानेवारी 2034 रोजी सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपेल. वर्षभराने बॅटमॅनच्या पहिल्या कथेचाही संपेल. त्यानंतर त्या कथा कोणीही छापू शकेल. जे कोणी छापतील त्यांना एकच विनंती आहे : पहिल्या पानावर जेरी सीगल, जो शुस्टर, बॉब केन आणि बिल फिंगर ही नावे ठळक अक्षरांत छापा. आणि वाचकांनो, कॉमिक हातात घ्याल तेव्हा गोष्ट सुरू करण्यापूर्वी ती लिहिणाऱ्याचे नाव वाचा.